तीन फेऱ्यांच्या आत

“आई, आत्ता हाक मारू नकोस. माझा माणूस पडलाय!”

२०२५ च्या उन्हाळ्यात आमच्या घरात हे वाक्य दिवसातून चार वेळा तरी ऐकू येत असे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पोळी तव्यावर तशीच टाकून धावले होते. पाहते तर लेक लॅपटॉपसमोर मांडी घालून बसलेली आणि पडद्यावर कुणी एक सैनिक गवतात आडवा. मी कपाळाला हात लावला. पोळी अर्थातच करपली होती.

मुलं संगणकावर खेळ खेळतात, त्यात गोळ्या झाडतात, हे काही मला नवीन नव्हतं. शेजारपाजारच्या मुलांचे आरडाओरडे रोज कानावर येतातच. पण आमची मुलगी शांत. चित्रकलेची आवड असलेली. ती युद्धाचा खेळ खेळते याचंच मला नवल वाटायचं. तरी बारावीचं वर्ष सुरू व्हायचं आहे, सुट्टी आहे, खेळू दे थोडं, असं म्हणून मी दुर्लक्ष करत होते.

मग आला ३० मे. त्या दिवशी पुण्याजवळच्या खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं दीक्षान्त संचलन होतं. प्रबोधिनीतून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडत होती. सतरा मुली. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये मुलींना ही प्रवेशपरीक्षा देऊ देण्याचा आदेश दिला, २०२२ मध्ये पहिल्या मुली तिथे दाखल झाल्या आणि तीन वर्षांनी आपल्या बरोबरीच्या मुलांसोबत त्या ताठ मानेने चालत होत्या. बडोद्याच्या आमच्या घरी टीव्हीसमोर बसून मीही कौतुकाने पाहत होते. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं होतं.

तेवढ्यात लेक म्हणाली, “आई, मला ही परीक्षा द्यायची आहे. फॉर्म निघालेत.”

डोळ्यांतलं पाणी तिथल्या तिथे आटलं. दुसऱ्याच्या मुलीचं कौतुक करणं निराळं आणि आपल्या मुलीला पाठवणं निराळं, हे मला त्या क्षणी कळलं. आणि खरं सांगते, मला त्याची लाजही वाटली नाही.

“हे सगळं त्या खेळाचं खूळ आहे,” मी ताडकन म्हणाले. “लढाई म्हणजे लॅपटॉपवर बटणं दाबणं वाटलं का तुला?”

तिने माझ्याकडे शांतपणे पाहिलं. “तू तो खेळ एकदा तरी पाहिलायस का? खेळून बघ, मग बोल.”

दोन दिवस अबोला. आमचे हे दोघींच्या मध्ये बसून मुकाट्याने जेवत होते. अर्जाची मुदत जूनच्या मध्यापर्यंत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी मीच तिच्या खोलीत गेले आणि म्हणाले, “लाव तुझा तो खेळ. बघू तरी त्यात काय आहे ते.”

भिंतीवर डोकं आपटणारा सेनापती

खेळाचं नाव ‘वाल्किरिया क्रॉनिकल्स’. जपानच्या सेगा कंपनीने तो २००८ मध्ये प्लेस्टेशनसाठी काढला. संगणकावर तो २०१४ मध्ये आला. म्हणजे खेळांच्या जगात तसा जुनाच. लेकीला तो एका मैत्रिणीने सुचवला होता.

गोष्ट युरोपासारख्याच एका काल्पनिक खंडातली. साल १९३५. दोन बलाढ्य सत्तांच्या कचाट्यात सापडलेला गॅलिया नावाचा चिमुकला देश. तिथे रॅग्नाइट नावाचं खनिज सापडतं, त्यावर यंत्रं चालतात आणि जखमाही भरून येतात. साहजिकच शेजारच्या साम्राज्याचा त्यावर डोळा. साम्राज्याचं सैन्य सीमेवरच्या गावात घुसतं आणि गावातल्या साध्या माणसांना बंदुका हाती घ्याव्या लागतात. नायक वेल्किन हा निसर्गशास्त्राचा विद्यार्थी. नदीकाठी बसून माशांची चित्रं काढताना तो हेर समजून पकडला जातो! त्याला पकडणारी ॲलिशिया ही पाव भाजणारी मुलगी. अशा माणसांचं पथक क्रमांक सात, आणि त्याचा सेनापती म्हणजे खेळणारा. म्हणजे मी.

पहिले दोन दिवस हा सेनापती भिंतींवर डोकं आपटत होता. एका हाताने चालायचं, दुसऱ्या हाताने माऊस फिरवून मान वळवायची, हे मला काही केल्या जमेना. माझी माणसं आभाळाकडे बघत चालायची, नाहीतर कुंपणाला धडकून जागच्या जागी पाय आपटत राहायची. लेक हसून हसून लोळत होती. अबोला तिथेच संपला, हा त्या खेळाचा पहिला फायदा.

हळूहळू रीत कळली. लढाई फेऱ्याफेऱ्यांनी चालते. आधी नकाशा समोर येतो. आपल्याकडे मोजके गुण असतात. एका सैनिकाला हलवायचं तर एक गुण खर्च, रणगाड्याला दोन. सैनिक निवडला की आपण थेट त्याच्या पाठीशी जाऊन उभे राहतो आणि तो आपल्या हातांनी धावू लागतो. तो धावत असताना शत्रू स्वस्थ बसत नाही, गोळ्या सुरूच असतात. नेम धरायला थांबलं की मात्र काळ थांबतो. श्वास रोखून नेम धरायचा, गोळी झाडायची आणि वाळूच्या पोत्यांमागे दडून बसायचं. कुणाला दूरवर धावता येतं, कुणी जवळून मशीनगन चालवतं, कुणी रणगाडा फोडतं, कुणी सुरुंग काढतं आणि आपला रणगाडा दुरुस्त करतं. बुद्धिबळ आणि लपंडाव यांचं लग्न लावलं तर जे होईल, तसा काहीसा हा प्रकार.

आणि दिसायला किती देखणा! सगळा खेळ पेन्सिलीने रेघा मारून वर जलरंग भरल्यासारखा. कडेचा कागद कोराच सोडावा तसा पडद्याचा काठ फिकट होत जातो. बंदूक झाडली की आवाजाची अक्षरंच चित्रात उमटतात. सगळी गोष्ट एका जुन्या पुस्तकाची पानं उलटावीत तशी पुढे सरकते. माझी चित्रकार लेक या खेळात का रमली ते मला पहिल्याच दिवशी उमगलं. मी मनातल्या मनात तिची थोडी माफी मागितली.

नाव असलेली माणसं

मला सर्वांत आवडलं ते हे, की या पथकातला कुणीही ‘सैनिक नंबर अमुक’ नाही. प्रत्येकाला नाव आहे, चेहरा आहे, आवाज आहे, स्वभाव आहे. कुणाला परागकणांचा त्रास होतो, फुलांच्या ताटव्याजवळ नेलं की तो बेजार. कुणाचं एखाद्याशी इतकं जमतं की तो शेजारी असला तर नेम चुकत नाही. पथकात माणसं निवडताना मी घरच्या लग्नात पंगती बसवाव्यात तसा विचार करू लागले. हिला त्याच्याजवळ नको, त्याला हिच्याशेजारी बसवू.

आणखी एक धागा मनाला लागला. त्या देशात डार्क्सन नावाची एक जमात आहे. निळसर काळ्या केसांची, आडनाव नसलेली माणसं. कधी काळी मोठा विध्वंस त्यांनीच केला असा समज पिढ्यान्पिढ्या चालत आलेला, म्हणून सगळे त्यांना हीन लेखतात. नायकाची मानलेली बहीण इसारा या जमातीची. जेमतेम सोळा वर्षांची. रणगाडा तीच चालवते, तीच दुरुस्त करते. आणि पथकातलीच रोझी ही दुसरी सैनिक तिचा उघडउघड तिरस्कार करते. “हिच्या हातच्या रणगाड्यामागून मी जाणार नाही,” अशी भाषा. घराघरांत चालणारी ही शिवाशिव एका जपानी खेळात भेटेल असं मला वाटलं नव्हतं. मुलांशी या विषयावर बोलायला आपल्याला शब्द सापडत नाहीत. इथे लेकीने आपणहून विषय काढला आणि आम्ही तासभर बोलत बसलो.

ती गेली, ती माझ्यामुळे

आता मूळ मुद्द्यावर येते. ‘माणूस पडलाय’ म्हणजे काय?

सैनिकाला फार गोळ्या लागल्या की तो कोसळतो. पण लगेच मरत नाही. तीन फेऱ्यांच्या आत आपल्यातल्या कुणीतरी धावत त्याच्यापर्यंत पोहोचलं आणि त्याला नुसता हात लावला, की वैद्यकीय पथक येऊन त्याला घेऊन जातं. तो वाचतो. पण तीन फेऱ्या उलटल्या, किंवा त्याआधी शत्रू त्याच्याजवळ पोहोचला, तर तो गेला. कायमचा. पुढच्या लढाईत नाही, त्यापुढच्याही नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी मला चांगलाच हुरूप आला होता. शत्रूची छावणी समोर दिसत होती. लढाई लवकर संपवली तर खेळ ‘अ’ श्रेणी देतो. मी एका टेहळणी करणाऱ्या मुलीला पुढे पिटाळलं. आडोसा नव्हता, तरी पिटाळलं. ती छावणीच्या दारात कोसळली.

मी हिशेब केला. तीन फेऱ्या आहेत. आधी छावणी घेऊ, मग तिला उचलू. अजून वेळ आहे. मी उरलेले गुण पुढे जाण्यात खर्च केले. शत्रूची पाळी आली. त्यांचा एक शिपाई सावकाश चालत तिच्यापाशी गेला.

ती दोन शब्द बोलली आणि संपली.

मी माऊसवरचा हात काढून घेतला. खोट्या मुलीसाठी, चार रेघांच्या चित्रासाठी माझ्या छातीत धडधडत होतं. वेळ आहे, वेळ आहे म्हणत मीच तिला तिथे पडू दिलं होतं.

लेक पाठीमागून म्हणाली, “अगं, इतकं काय! मागचं लोड कर. जपून ठेवलेल्या जागेपासून पुन्हा खेळ.”

“तू असंच करतेस?”

“नेहमी. मी आजवर एकालाही मरू दिलेलं नाही.” तिच्या आवाजात अभिमान होता.

इतके दिवस मी ज्याची वाट पाहत होते तो मुद्दा मला सापडला. मी वळून म्हणाले, “बघ, हेच म्हणत होते मी. तिकडे खडकवासल्याहून पुढे जिथे जाशील तिथे लोड करायचं बटण नसतं.”

मला वाटलं ती चिडेल. ती चिडली नाही. थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, “माहीत आहे मला. म्हणून तर मी परत जाते. कुणी पडलं की माझं काय चुकलं ते सापडेपर्यंत मी तीच लढाई खेळते. नुसतं जिंकायचं असतं तर पुढे गेले असते ना!”

यावर मला उत्तर सुचलं नाही. मी लॅपटॉप बंद केला आणि स्वयंपाकघरात गेले. रात्रभर तिचं वाक्य डोक्यात घोळत होतं.

दुसऱ्या दिवशी मी खेळ पुढे सुरू केला, पण मागचं लोड केलं नाही. माझी चूक मी तशीच राहू दिली. लेकीला ते विचित्र वाटलं, पण ती काही बोलली नाही.

जे खटकलं तेही सांगते

या खेळाचं नुसतं गुणगान मला करायचं नाही. ज्या घरांत मुलं असे खेळ खेळतात त्यांनी दुसरी बाजूही जाणून घ्यावी.

पहिली तक्रार श्रेणीची. लढाईच्या शेवटी मिळणारी श्रेणी मुख्यतः किती फेऱ्यांत जिंकलात यावर ठरते. ज्या खेळाने मला प्रत्येक माणसाचं नाव शिकवलं, तोच खेळ बक्षीस देताना घाईला देतो. सावकाश, सगळ्यांना सांभाळून पुढे गेलं की श्रेणी घसरते, पैसा आणि अनुभव कमी मिळतो. शिवाय एका फेरीत एकाच वेगवान सैनिकाला पुन्हा पुन्हा पळवता येतं, त्यामुळे बाकीचं पथक मागे बसून राहतं. माझी ती मुलगी याच लोभापायी गेली होती.

दुसरी तक्रार त्याहून गंभीर. खेळात शिक्षण एकेकट्या सैनिकाला नाही, सबंध प्रकाराला मिळतं. टेहळणी करणाऱ्यांची पातळी वाढली की सगळ्यांचीच वाढते. म्हणजे एक गेली तर तिच्या जागी घेतलेली दुसरी पहिल्या दिवसापासून तितकीच तरबेज. सेनापतीच्या हिशेबात काहीच उणं होत नाही. युद्धाबद्दल खेळ अनवधानाने एक भयंकर सत्य सांगून जातो, पण त्याला स्वतःला त्याची जाणीव आहे असं मला वाटलं नाही.

तिसरी, युद्ध फारच गोजिरवाणं करून टाकलंय. पंख असलेलं डुकराचं पिल्लू काय, समुद्रकिनाऱ्यावरची सुट्टी काय! आणि शत्रूपक्षातली ती बलाढ्य सेनानी रणांगणावर ज्या वेषात येते, तो पाहून मी लेकीला विचारलं, “हिला थंडी वाजत नाही का?” लेकीनेही नाक मुरडलं. बायकांना बंदूक दिली, बरोबरीचं स्थान दिलं, आणि कपडे मात्र बघणाऱ्याच्या सोयीचे दिले. पुढे तर हातात भाला-ढाल घेतलेल्या, निळ्या ज्वाळेने वेढलेल्या दैवी शक्तीच्या स्त्रिया अवतरतात आणि त्यांच्यापुढे माझा पाववाला, माझा शेतकरी सगळे फिके पडतात. साध्या माणसांची गोष्ट म्हणून सुरू झालेली कथा चमत्कारावर जाऊन टेकते, हे मला रुचलं नाही.

इसारा

आणि मग ती समुद्रकिनाऱ्याची लढाई आली. इसाराने धुराचे गोळे तयार केले होते, त्यांच्या आडून आमचं पथक वर चढलं. मी या वेळी एकालाही पडू दिलं नाही. फेऱ्या जास्त लागल्या, लागू दिल्या. लढाई जिंकले.

जिंकल्यानंतर इसारा आणि रोझी समोरासमोर येतात. इतक्या दिवसांचा दुरावा निवळत असतो. आणि कुठूनतरी एक गोळी येते. इसारा कोसळते.

मी घाईघाईने माऊस हलवला. काहीच हललं नाही. ती गोष्टीचा भाग होती, लढाईचा नव्हे. तिथे मला तीन फेऱ्या नव्हत्या. धावत जाऊन हात लावायची मुभा नव्हती. नंतर तिच्या थडग्यापाशी उभी राहून रोझी गाते, आणि मी पदराला डोळे पुसत होते.

लेक शेजारी येऊन बसली होती. ती हळूच म्हणाली, “इथे मी तीनदा मागे गेले होते, आई. वाटलं, माझं काहीतरी चुकलं असेल. वेगळ्या वाटेने गेले. सगळे शत्रू वेचून काढले. तरी ती गोळी येतेच.”

“मग?”

“मग कळलं की काही वेळा आपलं चुकलेलं नसतं, तरी माणूस जातो. त्या रात्री मी जेवले नव्हते. तू म्हणालीस, परीक्षेचं टेन्शन आलंय.”

मला ती रात्र आठवली. मी तिला ताकभात कालवून दिला होता आणि दोन बोधाचे शब्द ऐकवले होते. सोळा वर्षांच्या एका मुलीचं मरण मनात घेऊन माझी सतरा वर्षांची मुलगी माझ्यासमोर बसली होती आणि मी तिला अभ्यासाचं वेळापत्रक विचारत होते.

पुढच्या लढाईला रणगाडा दुसराच कुणी चालवू लागला. अगदी पूर्वीसारखाच चालला तो. मला तेच सोसवलं नाही.

अर्जाची रात्र

खेळामुळे मुलगी सैन्यात जायला निघाली, हा माझा आरोप खोटा होता. आधी तिच्या मनात ते होतं, खेळ नंतर आला, असं तिने पुढे सांगितलं. शाळेत कुणी माजी अधिकारी बोलायला आले होते, तेव्हापासूनचं ते. मी कधी विचारलंच नव्हतं. खेळाने तिला युद्ध शिकवलं असंही मी म्हणणार नाही. जलरंगातल्या लढाईतून लढाई कळत नाही, आणि हे तिलाही पक्कं ठाऊक आहे. एवढं मात्र खरं की कुणी पडलं तर आपलं काय चुकलं हे शोधायची सवय तिला आहे, आणि चूक नसतानाही माणूस जातो हे तिने एकदा तरी सोसलं आहे. मला त्या दोन्ही गोष्टी माहीत नव्हत्या. त्यासाठी मला भिंतींवर डोकं आपटावं लागलं.

मुदत संपायच्या दोन दिवस आधी, रात्री जेवणं आटोपल्यावर मी तिच्या खोलीत गेले. “फोटो कुठला लावणार आहेस? तो केस विस्कटलेला नको,” म्हणाले. ती नुसती बघत राहिली. मग आम्ही दोघींनी मिळून अर्ज भरला. मुलींना फी नव्हती. आमचे हे चष्मा लावून स्पेलिंग तपासत होते. भीती गेली का, असं विचाराल तर नाही गेली. ती अजूनही आहे. पण ती माझी भीती आहे, आणि ती सांभाळणं माझं काम आहे, तिचं नव्हे, एवढं मला पटलं आहे.

खेळ मी शेवटपर्यंत खेळले. पथकात वीसजणांना जागा असते. माझ्या पथकात एकोणीसच होते. ती मुलगी गेल्यावर लेक म्हणाली होती, “आई, नवीन कुणीतरी घे ना. तितकीच तयार मिळेल.”

मी घेतली नाही. शेवटच्या लढाईपर्यंत ती जागा मी रिकामीच ठेवली.